अंतराळातील हिशेबाची वही : ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

कौटुंबिक पानावर अंतराळयानांचे काय काम, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर एवढेच की, आपली कॉलेजात जाणारी मुलेमुली आणि कामावरून थकून आलेले कमावते तरुण रात्री कॉम्प्युटरसमोर बसून काय करतात, याची माहिती घरच्यांना असली पाहिजे. आणि जे बसतात त्यांनाही आपण कशात पाऊल टाकीत आहोत, याची जाणीव पाहिजे. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा असाच एक खेळ. यात यान आहे, तोफा आहेत, तारे आहेत. पण चार दिवस जवळून पाहिल्यावर आमच्यासारख्या कारकुनाच्या ध्यानात येते की, हा खेळ मुळात खतावणीचा आहे. जमा-नावे ज्याला कळते तो यात टिकतो आणि ज्याला नुसती तोफ कळते तो पहिल्याच महिन्यात हात हलवीत घरी येतो.

चार लाखांच्याही आत लोकसंख्या असलेल्या आइसलँड या देशातील रेक्याविक शहरात ‘सीसीपी’ नावाची कंपनी सन १९९७ मध्ये निघाली. तिने ६ मे २००३ रोजी हा खेळ सुरू केला. वीस वर्षे उलटून गेली तरी तो चालू आहे. कॉम्प्युटर खेळांच्या दुनियेत हे वय म्हणजे पणजोबांचे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने सन २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी जे मोजके व्हिडिओ गेम निवडले, त्यांत याचा समावेश होता.

इतर खेळांपेक्षा याचे वेगळेपण कशात आहे? पहिली गोष्ट ही की, यात शेवट नाही, राजकन्या सोडवायची नाही, पातळ्या ओलांडायच्या नाहीत. सात हजारांहून अधिक सूर्यमालांचे एक जग मांडून ठेवले आहे आणि त्यात काय करायचे ते तुम्ही ठरवायचे. दुसरी गोष्ट अशी की, चीनमधील खेळाडूंची व्यवस्था वेगळी आहे, ती सोडली तर साऱ्या जगातील खेळाडू एकाच जगात असतात. नागपूरचा मुलगा, पोलंडचा ट्रकचालक आणि ब्राझीलची शिक्षिका एकाच बाजारात समोरासमोर उभे राहतात. बाजारात दिसणारा भाव हा बहुतेक वेळा कोणा माणसाने लावलेला असतो. यान फुटले तर ते कोणा माणसाच्या कष्टातून तयार झालेले असते आणि फुटलेले परत मिळत नाही. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. इतर खेळांत मेल्यावर पुन्हा उठायचे आणि तीच तलवार घेऊन लढायचे, असे चालते. येथे माणूस उठतो, पण तलवार गेलेली असते.

खर्च आणि सबुरी

सन २०१६ च्या नोव्हेंबरपासून हा खेळ फुकट सुरू करता येतो. फुकट खेळणाऱ्याला ‘अल्फा’ म्हणतात, वर्गणी भरणाऱ्याला ‘ओमेगा’. अल्फाला कौशल्ये शिकण्याचा वेग ओमेगाच्या निम्मा आणि पन्नास लाख कौशल्यगुण झाले की त्याचे फुकटचे शिक्षण थांबते. तोवर बऱ्याच साध्या प्रतीची याने चालवता येतात. आमचे स्पष्ट मत असे की, नवख्याने पहिले दोन-तीन महिने एक पैसाही भरू नये. सन २०२२ मध्ये महिन्याची वर्गणी १४.९९ डॉलरवरून १९.९९ डॉलर झाली. ज्या घरात महिन्याचा हिशेब लावताना दूधवाल्याचे आणि क्लासचे पैसे वेगळे काढून ठेवावे लागतात, तेथे ही रक्कम लहान नाही. खेळ आपल्याला मानवतो की नाही, हे अल्फा राहूनच कळते.

कौशल्याची पद्धत आम्हांला फार आवडली. यान चालवणे, तोफ डागणे, खनिज काढणे, दलाली कमी करून घेणे, या प्रत्येक गोष्टीचे कौशल्य शिकावे लागते आणि शिकण्याला खरा वेळ लागतो. शिकण्याची यादी लावून तुम्ही कॉम्प्युटर बंद करा, जेवा, झोपा, कामावर जा. शिक्षण चालूच राहते. म्हणजे रात्रभर जागणाऱ्याला केवळ जागल्यामुळे जास्त कौशल्य येत नाही. ही गोष्ट पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावी आणि ‘आत्ता उठलो तर मागे पडेन’ असे मुलगा म्हणाला तर त्याला ऐकवावी.

प्रत्येक कौशल्याच्या पाच पायऱ्या असतात. सर्वांत सोप्या कौशल्याची चौथी पायरी गाठायला एकूण ४५,२५५ गुण लागतात, तर पाचवीला २,५६,०००. म्हणजे शेवटच्या एका पायरीला आधीच्या चारांच्या साडेचार पटींहून जास्त मेहनत आणि तिचा फायदा मात्र आधीच्या एका पायरीएवढाच. म्हणून नवख्याने पाचव्या पायरीच्या मागे न लागता अनेक कौशल्ये तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत आणावीत. सन २०१६ पासून दुसऱ्याचे कौशल्यगुण खेळातील पैशांनी विकत घेण्याची सोय झाली आहे. पैसेवाल्याला पळवाट कोठे नसते? पण गुण विकत मिळाले तरी अक्कल विकत मिळत नाही आणि महागडे यान घेऊन अर्ध्या तासात फोडून घेणारे नवशिके येथे रोज दिसतात.

बाजार

आता आमच्या आवडीच्या विषयाकडे वळतो. खेळातील चलनाला ‘इस्क’ म्हणतात. आइसलँडच्या क्रोनाचे बँकेतील लघुनामही तेच आहे; कंपनीची ही आपल्या मातीची खूण असावी. यान कशाचे बनते? खनिजांचे. ट्रिटॅनियम, पायराइट, मेक्सालॉन अशी ती खनिजे. ती कोणी तरी अशनींतून खणून काढतो, कोणी शुद्ध करतो, कोणी आराखडा विकत घेऊन कारखान्यात यान बांधतो, कोणी ते मालवाहू यानात घालून बाजारपेठेत नेतो आणि तेथे तिसराच माणूस ते विकत घेतो. लढाईत यान फुटले की पुन्हा मागणी निर्माण होते. युद्ध झाले की खनिजाचा भाव चढतो. बी.कॉम.ला पुरवठा आणि मागणीचे जे वक्र आम्ही फळ्यावरून वहीत उतरवून घेतले, ते येथे डोळ्यांसमोर हलताना दिसतात. कंपनीने सन २००७ मध्ये एयॉल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाला खास या खेळाची अर्थव्यवस्था पाहण्यासाठी नोकरीवर ठेवले होते. पुढे ते आपल्या देशातील एका विद्यापीठाचे कुलगुरू झाले. खेळातील किती माल बनला, किती फुटला, कोणत्या प्रदेशात किती उलाढाल झाली, याचे अहवाल कंपनी काढीत आली आहे.

सर्वांत मोठी बाजारपेठ ‘जिता’ नावाच्या सूर्यमालेत आहे. चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राजवळचे एक स्थानक म्हणजे या जगाची मशीद बंदर आणि झवेरी बाजार एकत्र. अमार, डोडिक्सी, रेन्स, हेक या त्यामानाने लहान पेठा. आपल्या गावात एखादी वस्तू पटकन विकायला गेलात तर कमी पैसे मिळतात आणि जितामध्ये जास्त. परंतु वाटेचा धोका, वेळ, दलाली आणि विक्रीकर वजा केल्यावर काय उरते, हे मोजल्याशिवाय नफा झाला असे म्हणू नये. बाजारात दोन प्रकारे विकता येते. समोर लागलेल्या खरेदीदाराला ताबडतोब द्यावे, नाही तर आपला भाव लावून वाट पाहावी. नवखा घाईने पहिला मार्ग धरतो आणि दुसऱ्याच्या नफ्याची सोय करतो. आमचा सल्ला असा की, शेजारी एक साधी वही ठेवावी आणि तारीख, वस्तू, खरेदी, विक्री, खर्च असे रकाने आखावेत. या खेळाला परदेशात गमतीने ‘अंतराळातील तक्ते’ म्हणतात. आम्हांला ती थट्टा न वाटता कौतुक वाटते.

विम्याबद्दलही सांगितले पाहिजे, कारण तो पुष्कळांना नीट कळत नाही. यानाचा विमा उतरवता येतो. त्याची मुदत १२ आठवड्यांची. मुदत संपली की तो आपोआप उतरतो असे नाही, पुन्हा उतरवावा लागतो. विमा न उतरवलेल्या साध्या यानालाही सुमारे ४० टक्के भरपाई मिळते. पण ही भरपाई फक्त यानाच्या सांगाड्याची असते. वर बसवलेल्या तोफा, यंत्रे आणि आत भरलेला माल यांचा त्यात समावेश नाही. घर जळाले तर भिंतींचे पैसे मिळतील, कपाटातल्या दागिन्यांचे नाही, असाच हा प्रकार. यावरूनच जुने खेळाडू नवख्याला पहिला नियम सांगतात : जे गमावणे परवडत नाही ते चालवू नये. खात्यात दहा याने घेण्याइतके पैसे असतील तरच त्यांतले एक घ्यावे, असे आम्ही त्यात जोडतो.

पोलीस आहेत, पण

या जगातील सूर्यमालांना सुरक्षेचे आकडे दिलेले आहेत. १.० ते ०.५ हा सुरक्षित भाग, ०.४ ते ०.१ हा कमी सुरक्षित आणि ०.० व त्याखाली कोणताच कायदा नाही. याखेरीज सन २००९ मध्ये आलेल्या ‘वर्महोल’च्या पलीकडचे प्रदेश वेगळे; तेथे तर सूर्यमालेत आणखी कोण आहे याची यादीही दिसत नाही.

सुरक्षित भागात ‘कॉन्कॉर्ड’ नावाचे पोलीस आहेत. येथे नवख्यांचा मोठा गैरसमज होतो. हे पोलीस गुन्हा होण्याआधी येत नाहीत, झाल्यावर येतात. हल्लेखोराचे यान ते नक्की फोडतात, पण तेवढ्या सेकंदांत तुमचे यान फुटलेले असू शकते. पाच-दहा जण स्वस्तातली याने घेऊन मुद्दाम येतात, तुमचे मालवाहू यान फोडतात, स्वतः पोलिसांच्या हातून मरतात आणि त्यांचा सहावा साथीदार तुमचा विखुरलेला माल गोळा करतो. त्यांचा हिशेब साधा असतो : तुमच्या मालाची किंमत त्यांच्या यानांच्या किमतीपेक्षा जास्त आहे का? जास्त असेल तर तुम्ही गिऱ्हाईक. तेव्हा माल कमी आणि फेऱ्या जास्त, हे सूत्र ठेवावे.

आमच्या ओळखीचा एक तरुण तीन आठवड्यांची सारी कमाई एका मालवाहू यानात भरून जिताकडे निघाला. आईने चहाला हाक मारली म्हणून त्याने यान स्वयंचलित मार्गावर लावले आणि उठला. चहा संपायच्या आत सर्व संपले होते. कारण असे की, स्वयंचलित मार्गावरचे यान प्रत्येक गेटच्या काही किलोमीटर अलीकडे थांबते आणि मग बैलगाडीच्या चालीने गेटकडे सरकते. हाताने चालवले तर ते थेट गेटजवळ उतरते. चहा गार झाला तरी चालेल. माल भरलेला असताना खुर्ची सोडू नये, किंवा यान स्थानकात उभे करून सोडावी. युडामा नावाची एक सूर्यमाला सुरक्षित भागात असूनही अशा टोळ्यांसाठी कुप्रसिद्ध आहे, तेथून जाताना विशेष सावध असावे.

पडद्यावर सुरक्षेचे एक लहानसे बटण असते. ते हिरवे असू द्यावे. हिरवे असताना तुमच्या हातून नकळत गुन्हा घडत नाही. दुसऱ्याचा पडलेला माल उचलला की तुम्ही ‘संशयित’ ठरता आणि मग कोणीही तुम्हांला मारले तरी पोलीस बोट उचलत नाहीत. काही जण मुद्दाम असा माल आमिष म्हणून टाकून ठेवतात. तसेच अनोळखी माणसाने द्वंद्वाचे आमंत्रण धाडले तर ते नाकारावे. तो तुमच्याहून दुबळ्या यानात बसलेला दिसला तर आधीच नाकारावे.

फसवणूक गुन्हा नाही

सभ्य घरात वाढलेल्या मुलाला सर्वांत जड जाणारी गोष्ट ही आहे की, या खेळाच्या नियमांत दुसऱ्या खेळाडूला फसवणे क्षम्य आहे. जितामध्ये शिरताच ‘पैसे पाठवा, दुप्पट करून देतो’ अशा घोषणांचा पाऊस पडतो. हे सारे लबाड. करारपत्रांतही खुबी असते. वस्तूचे नाव जवळपास सारखे, किमतीत एक शून्य जास्त. ‘तुम्ही द्याल’ आणि ‘तुम्हांला मिळेल’ या दोन ओळींची अदलाबदल. माल पोचवण्याच्या कामात अनामत रक्कम घेतात ती मालाच्या खऱ्या किमतीहून कितीतरी जास्त आणि माल पोचवायचा तो अशा खासगी स्थानकात जेथे तुम्हांला आत घेतच नाहीत. मुदत संपते, अनामत बुडते. करारातील प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय होकार देऊ नये. पतपेढीच्या कर्जाला न वाचता जामीन राहिलेल्या माणसांची अवस्था आम्ही पाहिली आहे, म्हणून हे अधिक आग्रहाने सांगतो.

सन २००९ चे प्रकरण प्रसिद्ध आहे. खेळाडूंनीच या जगात ‘ईबँक’ नावाची बँक काढली होती, लोकांनी तिच्यात ठेवी ठेवल्या होत्या. तिच्या प्रमुखाने सुमारे २०० अब्ज इस्क उचलले आणि काळ्या बाजारात विकून खरे पैसे केले. घराच्या अनामतीसाठी आणि दवाखान्याच्या खर्चासाठी. कंपनीने त्याला काढून टाकले, पण ठेवीदारांना लुबाडल्याबद्दल नाही! खेळातील पैसा बाहेर खऱ्या पैशांत विकल्याबद्दल. हा फरक ध्यानात घ्यावा. बाहेरच्या कोणा दलालाकडून इस्क विकत घेणे हा येथे मोठा गुन्हा आहे आणि त्यात खाते बंद होऊ शकते. खरे पैसे खेळात आणण्याचा मुख्य अधिकृत मार्ग म्हणजे कंपनीकडून ‘प्लेक्स’ नावाची वस्तू विकत घेऊन ती खेळातल्या बाजारात विकणे. उलट ज्याच्याकडे इस्क भरपूर आहेत तो बाजारातून प्लेक्स घेऊन वर्गणी चुकवतो. मात्र नवख्याने या नादी लागू नये. महिनाभराची वर्गणी इस्कमधून काढायची म्हणून रोज चार-चार तास खाण खणणारे लोक आहेत. बाहेर तेवढे तास शिकवणी घेतली तर दुप्पट पैसे मिळतील.

एकट्याने राहू नये

खेळाच्या कथेत चार मोठी राष्ट्रे आहेत : अमार, कालडारी, गालेंटे आणि मिन्मतार. अमार हे धर्माच्या नावाने चालणारे साम्राज्य. त्याने मिन्मतार लोकांना पिढ्यान्‌पिढ्या गुलाम करून ठेवले. मिन्मतारांनी बंड करून आपले प्रजासत्ताक उभारले, तरी त्यांचे कितीतरी बांधव अजून गुलामीतच आहेत. सुरुवातीला चारांपैकी एक निवडावे लागते. पुढे कोणाचेही यान शिकता येते, त्यामुळे निवडीने फारसे बिघडत नाही. आम्ही कोणती बाजू निवडली असती ते या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको.

निवडीपेक्षा महत्त्वाचा निर्णय म्हणजे संघटना कोणती धरायची हा. एकटा राहणारा नवखा कंटाळून सोडून जातो. खेळाडूंनी काढलेल्या संघटनांना ‘कॉर्पोरेशन’ म्हणतात. अनेक मिळून आघाडी होते. सन २००४ पासून ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ नावाची एक संघटना केवळ नवख्यांना शिकवण्याचे काम करते. फी नाही, भेदभाव नाही. शिकलेला मागच्याला शिकवतो. वर्ग इंग्रजीतून चालतात, त्यामुळे इंग्रजीची भीती असलेल्या मुलाला आधी जड जाईल, पण बोलण्याचा सरावही होईल. दुसऱ्या कोणत्याही संघटनेत जाताना आधी विचारावे : नवख्याला यान देता का, कर किती कापता, कोणत्या वेळी तुमचे लोक जागे असतात? अमेरिकेतील लोकांची संघटना धरली तर आपल्याला पहाटे उठावे लागते आणि मग घरात भांडणे होतात. खेळाचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालते. रोज आपल्या दुपारी साडेचारला देखभालीसाठी खेळ थोडा वेळ बंद होतो, तेव्हा लांबच्या प्रवासात नसावे.

या जगात निवडणुकाही होतात. सन २००८ पासून खेळाडू आपले प्रतिनिधी मंडळ निवडतात आणि ते कंपनीपुढे गाऱ्हाणी मांडते. मतदान पसंतीक्रमाने, आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीसारखे. या मतावरून खेळाडूंत जेवढी चर्चा होते, तेवढी आमच्या हाउसिंग सोसायटीच्या निवडणुकीत झाली असती तर पाण्याचा प्रश्न सुटला असता.

संघटनेत कारकुनाला किती महत्त्व असते, याचे उदाहरण सन २०१४ चे. बी-आर५आरबी नावाची एक सूर्यमाला एका आघाडीच्या ताब्यात होती. ताबा टिकवण्यासाठी ठरावीक मुदतीने जे बिल भरावे लागते, ते भरले गेले नाही. तेवढ्यावर शत्रूने चाल केली. २७ जानेवारीला सुरू झालेली लढाई सुमारे २१ तास चालली, साडेसात हजारांच्या आसपास खेळाडू तिच्यात होते. एवढी गर्दी झाली की कॉम्प्युटरना झेपावे म्हणून खेळातील काळच एक दशांश वेगाने चालवावा लागला. ‘टायटन’ हे सर्वांत मोठे यान, ज्याच्या बांधणीला शेकडो लोकांचे महिनोन्‌महिने राबणे लागते. तशी ७५ याने त्या एका लढाईत गेली. खऱ्या पैशांत मोजले तर तीन लाख डॉलरच्या घरातील नुकसान. एक बिल! आमच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळणाऱ्याला कमी लेखणाऱ्या साहेबांना हे प्रकरण वाचायला द्यावे असे फार वाटते. फुटलेल्या टायटनचे सांगाडे कंपनीने स्मारक म्हणून तेथेच ठेवले आणि नवखे ते पाहायला जातात. जायचे तर फुकटात मिळणाऱ्या यानातून जावे, कारण तो भाग ०.० च्या खालचा आहे.

पहिल्या दिवशी काय करावे? शिकवणीचा भाग पूर्ण करावा, तो सोडून पळू नये. त्यानंतर प्रत्येक राष्ट्रात नवख्यांना कामे देणारे अधिकारी आहेत; त्यांची खाणकामाची, व्यापाराची, लढाईची, शोधाची कामे करावीत. बक्षीस म्हणून लहान याने मिळतात. खाणकामात ‘व्हेंचर’ नावाचे यान मिळते. ते स्वस्त आहे आणि पकडीतून निसटण्यात हुशार आहे. पहिल्या महिन्यात हेच पुरेसे.

आणि यान फुटेल तेव्हा पळपुट्यासारखा कॉम्प्युटर बंद करू नये. नुकसानीचा एक अहवाल आपोआप येतो. कोणी मारले, कोणते शस्त्र वापरले, कोणती वस्तू नष्ट झाली, कोणती शत्रूला मिळाली, एकूण किंमत किती, सर्व त्यात लिहिलेले असते. तो ओळीओळीने वाचावा, वहीत नोंदवावा आणि ज्याने मारले त्यालाच सरळ विचारावे की, माझे काय चुकले. बरेच जण उत्तर देतात. काही तर नवे यान घ्यायला पैसेही पाठवतात, आणि ते मात्र दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यांपैकी नसतात.